लाकूड, परवाना आणि मजूर



वसंत व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान असे विषय ऐकण्याची आपणांस सवय आहे. त्यांच्या पंगतीत सागवानाचा वाहतूक परवाना आणि आरागिरणीची नोंदवही हा विषय ओबडधोबड वाटेल. मी पदवीधर नाही. कायद्याची जी काही ओळख झाली, ती मजुरांचे अर्ज लिहिता लिहिता आणि त्यांच्याबरोबर कचेऱ्यांच्या पायऱ्या चढता चढता झाली. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न ठेवता ऐकावे, एवढी विनंती आहे.

मजुरांच्या संघटनेत काम करणाऱ्या माणसाने व्यापाऱ्यांच्या कागदपत्रांची उठाठेव का करावी, असे मला पुष्कळ जण विचारतात. त्याचे कारण असे की, कागद चुकला म्हणजे त्याचा पहिला फटका मजुराला बसतो. ट्रक अडवला जातो तेव्हा त्यात मालक बसलेला नसतो. ड्रायव्हर आणि हमाल बसलेले असतात. आरागिरणीला सील लागते तेव्हा मालकाची दुसरी मिळकत चालू राहते. आऱ्यावर उभा राहणाऱ्याची रोजी त्याच संध्याकाळी बंद होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आमच्या जंगलपट्ट्यात रोज खरी होते. म्हणून लाकडाचा धंदा कायदेशीर रीतीने कसा चालावा आणि तसा चालवण्यास लहान व्यापाऱ्याला व गिरणीवाल्याला मदत कशी करावी, हा प्रश्न मी मजुरांचाच प्रश्न मानतो.

प्रथम मुलूख पाहू. जुना चांदा जिल्हा आपण ऐकून असाल. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली वेगळा झाला. वर्धा, वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती आणि गोदावरी या नद्यांनी वेढलेला हा प्रदेश सागासाठी नावाजलेला आहे. आलापल्लीचा साग म्हटले की सुताराचे डोळे चमकतात. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ च्या मार्च महिन्यात बल्लारपूरहून सागवान रवाना झाले, तेव्हा या लाकडाचे नाव देशभर झाले. आपल्यापैकी कित्येकांच्या घराची चौकटही याच मातीतली असेल. ते लाकूड जंगलातून घरापर्यंत कोणत्या वाटेने आले, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो.

आता कायद्याचा पाया. भारतीय वन अधिनियम हा १९२७ सालचा, म्हणजे इंग्रजी अमदानीतला. त्यातले ६९ वे कलम सर्वांनी समजून घ्यावे असे आहे. एखादे वनउत्पादन सरकारचे आहे की नाही असा प्रश्न कारवाईत निघाला, तर ते सरकारचेच आहे असे धरून चालावयाचे. नसेल, तर तसे दाखवून देण्याची जबाबदारी समोरच्याची. इतर मालाच्या बाबतीत चोरी सिद्ध करण्याचा भार तक्रार करणाऱ्यावर असतो. लाकडाच्या बाबतीत मात्र रेल्वेच्या डब्यातल्यासारखे आहे; तिकीट दाखवा, नाही तर तुम्ही विनातिकीट. हे तिकीट म्हणजे वाहतूक परवाना. आमच्याकडे सगळे त्याला टी.पी. म्हणतात. त्याच कायद्याच्या ४१ व्या कलमाने राज्य सरकारला या वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार दिला आहे आणि महाराष्ट्रात आज २०१४ चे वन नियम त्यासाठी आहेत.

तिकीट हरवले तर काय होते? ५२ व्या कलमाप्रमाणे लाकूड तर जप्त होतेच, शिवाय हत्यारे, नाव, गाडी, बैल हेही जप्त होऊ शकतात. महाराष्ट्राने केलेल्या दुरुस्तीने वाहन सरकारजमा करण्याचाही अधिकार वनाधिकाऱ्यांस आहे. वाहनमालकाला आपल्या नकळत हे घडले, आपण योग्य ती खबरदारी घेतली होती, असे दाखवण्याची संधी असते; ती असलीच पाहिजे. परंतु ज्याच्यापाशी वकील आहे तोच या संधीचा उपयोग करू शकतो. ज्याने दोनशे ओंडके खांद्यावर चढवले आणि ज्याला परवाना कधी दाखवलाच गेला नाही, त्याने आपले अज्ञान कसे सिद्ध करावे?

येथवर भीतीची गोष्ट झाली. आता वाटेची सांगतो. आमच्या जिल्ह्यांत वनउपज बाजारात येण्याच्या सरळ वाटा मुख्यतः तीन आहेत, आणि प्रत्येक वाटेचे कागद वेगळे आहेत. पुष्कळसा घोटाळा या तीन वाटांची सरमिसळ झाल्याने होतो.

पहिली वाट सरकारी कुपाची. वनखात्याची कार्य आयोजना असते. तिच्यात कोणत्या वर्षी कोणत्या कुपात तोड व्हावयाची ते ठरलेले असते. झाडांवर आधी निशाणी होते, मग कुऱ्हाड चालते. तोडलेल्या प्रत्येक नगाची लांबी व गोलाई मोजतात, त्यावर क्रमांक टाकतात, हातोड्याचा ठसा उठवतात. हा ठसा खोटा करणे किंवा खरवडणे हा कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. मग माल आगारात जातो, तेथे लॉट लागतात आणि लिलाव होतो. १९७४ साली स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाची आगारेही याच रीतीने चालतात. व्यापाऱ्याने पैसे भरले की त्याला परवाना मिळतो; त्यावर नग, माप, गाडीचा क्रमांक, कोठून कोठे आणि किती मुदतीत, हे लिहिलेले असते. ही वाट सर्वांत सोपी, कारण तिच्यातला प्रत्येक कागद सरकारनेच लिहिलेला असतो.

या कुपांत पूर्वी ठेकेदाराचे राज्य होते. ते मोडावे आणि तोडीचे काम व तिचा नफा आदिवासी मजुरांच्या हाती यावा, म्हणून १९४७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या सरकारने जंगल कामगार सहकारी संस्थांची चळवळ सुरू केली. पुढे विदर्भातही अशा संस्था झाल्या. काही उत्तम चालल्या, तर काहींच्या पाटीमागे जुनाच ठेकेदार बसला. तरी त्यांतून एक धडा मिळाला. ज्या संस्थेत सभासदांना मोजमाप कळत होते, तेथे हिशेब सरळ राहिला. ज्या संस्थेत तो केवळ मुनीमाला कळत होता, तेथे तो मुनीमाच्या सोयीने फिरला.

दुसरी वाट मालकीच्या लाकडाची. शेतातले सागाचे झाड आपले, ते तोडायला कोणाची परवानगी कशाला, असे शेतकऱ्याला वाटणे साहजिक आहे. परंतु महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे. साग, मोह, ऐन, बिजा, खैर, हळदू अशी काही झाडे त्याच्या अनुसूचीत आहेत. ती स्वतःच्या जमिनीवरची असली तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून तोडता येत नाहीत. अर्जाबरोबर सातबारा लागतो, जमिनीची हद्द नक्की करावी लागते, झाडांची मोजणी होते. तोड झाल्यावर पुन्हा वाहतूक परवाना निराळा. तोडीची परवानगी म्हणजे वाहतुकीची परवानगी नव्हे, हे अनेकांस ठाऊक नसते. सुबाभूळ, निलगिरी यांसारख्या लावलेल्या झाडांना सवलती आहेत. मात्र अशा सवलतींची यादी वेळोवेळी बदलते, म्हणून अर्जाआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्यावे.

खातेदार आदिवासी असेल तर आणखी एक कायदा लागतो, तो १९६९ चा. त्याने व्यापाऱ्याशी परस्पर सौदा करावयाचा नाही. जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा आणि वनखात्यामार्फत झाडांची विक्री होऊन पैसे त्याला मिळावेत, अशी ही योजना आहे. ती का करावी लागली? कारण मीठ-मिरचीच्या उधारीवर, एखाद्या धोतरजोडीवर सागाची उभी रांग लिहून घेण्याचे प्रकार जंगलपट्ट्यात सर्रास होते. शेजारच्या बस्तरात तर खाजगी मालकीच्या झाडांच्या नावाखाली एवढा गैरव्यवहार झाला की नव्वदीच्या दशकात सर्वोच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावे लागले. कायद्याचा हेतू चांगला आहे. पण अर्ज, हद्दमोजणी, मोजमाप, तोड, विक्री या साखळीत एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत कागद जायला जो काळ लागतो, त्या काळात मुलीचे लग्न येते, घरात आजारपण येते, आणि दारात रोख पैसे घेऊन दलाल उभा असतो. सरळ वाट लांबली की आडवाट आपोआप रुळते. हे मी चोरीचे समर्थन म्हणून सांगत नाही. चोरीचे मूळ दाखवतो आहे.

तिसरी वाट नवी आहे, ती ग्रामसभेची. येथे आपण लाकडाकडून बांबूकडे वळतो. १९२७ च्या कायद्याने बांबूला ‘झाड’ म्हटले होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याच बांबूला गौण वनउपज म्हटले आणि गौण वनउपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क वनवासी गावांना दिला. म्हणजे एकच बांबू एका कायद्याने सरकारचा आणि दुसऱ्या कायद्याने गावाचा! धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव या पेचात उभे राहिले. २००९ साली त्याला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला; देशात असा हक्क मिळवणाऱ्या अगदी पहिल्या गावांत ते आहे. पण हक्क हाती असूनही वाहतूक परवाना वनखात्याच्या हाती राहिला, आणि परवान्यावाचून बांबू गावाच्या वेशीबाहेर जाईना. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी हा प्रश्न धरून ठेवला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले गेले. पुढच्या वर्षी, २०१२ मध्ये, नियमांत दुरुस्ती होऊन असा परवाना ग्रामसभेच्या समितीने द्यावा हे देशभरासाठी स्पष्ट झाले. बांबूला ‘झाडा’च्या व्याख्येतून काढण्यास मात्र २०१७ साल उजाडावे लागले.

या घटनेचे महत्त्व पैशांपुरते मानू नये. ज्या गावकऱ्याला नाक्यावर परवाना दाखवावा लागत असे, तोच आता परवाना लिहू लागला. लिहिणाऱ्याला हिशेब ठेवावा लागतो. किती बांबू तोडला, किती विकला, कोणाला मजुरी किती दिली, हे ग्रामसभेपुढे सांगावे लागते. कायदा पाळण्याची सवय लावण्याचा याहून चांगला उपाय माझ्या पाहण्यात नाही. जंगलातल्या उभ्या सागाचा हक्क मात्र या कायद्याने दिलेला नाही, हेही लक्षात असावे. कोणी व्यापारी ग्रामसभेच्या परवान्यावर सागवान नेऊ म्हणाला, तर तो ग्रामसभेलाच खड्ड्यात घालीत आहे असे समजावे.

या तीनही वाटांपैकी सागाच्या दोन वाटा येऊन मिळतात त्या आरागिरणीत, आणि खरी गाठ तेथेच पडते. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जो हुकूम दिला, त्याने देशातील जंगलतोडीचे चित्रच बदलले. मंजूर कार्य आयोजनेवाचून तोड नाही, असे झाले. पुढे २००२ मध्ये केंद्रीय समितीच्या पूर्वपरवानगीशिवाय नवीन आरागिरणीला परवाना देऊ नये असा आदेश झाला. २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांपासून हे काम राज्यस्तरीय समितीकडे आले. तात्पर्य, आज गिरणीचा परवाना ही दुर्मिळ वस्तू आहे. तो गेला तर परत मिळणे कठीण, आणि तो गेला म्हणजे त्यावर पोसणारी दहा-वीस घरे उघड्यावर.

परवाना जातो कशाने? चोरीचे लाकूड चिरल्याने जावाच. पण मी असेही पाहिले आहे की, लाकूड सरळ होते आणि वही वाकडी होती. एका गिरणीत तपासणीच्या वेळी वहीतला माल आणि आवारातला माल जुळेना. गिरणी बंद झाली. ऐन पावसाळ्यात मजूर घरी बसले. आम्ही मजुरांनीच बसून वह्या उलगडल्या, तेव्हा उमगले की दोन मापे एका रकान्यात मिळवली गेली होती.

हे माप समजून घ्या, फार कठीण नाही. आगारात गोल लाकडाचे घनफळ बहुधा चौथाई गोलाईने काढतात. गोलाईला चाराने भागा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा आणि लांबीने गुणा. समजा, ओंडक्याची गोलाई १२० सेंटिमीटर आणि लांबी ३ मीटर आहे. चौथाई झाली ३० सेंटिमीटर, म्हणजे ०.३ मीटर. ०.३ गुणिले ०.३ गुणिले ३ केले की ०.२७ घनमीटर येते. पण शाळेतल्या भूमितीने वर्तुळाचे खरे क्षेत्रफळ घेऊन हिशेब केला, तर तोच ओंडका ०.३४ घनमीटर भरतो! चौथाईच्या रीतीत पाचव्या हिश्श्याहून थोडे अधिक लाकूड मापाबाहेर राहते. साल आणि चिरताना होणारा भुसा यांची ती सूट समजतात. आता एक गाडी चौथाईने मोजलेली आणि दुसरी भूमितीने मोजलेली, अशी दोन्ही एका रकान्यात लिहिली, तर बेरीज कशी जुळावी? त्यात आगाराचा हिशेब घनमीटरचा आणि सुताराचा घनफुटाचा. एका घनमीटरचे ३५.३ घनफूट होतात. येथे एक आकडा चुकला की प्रामाणिक माणूस चोर ठरतो. म्हणून वहीत तीन रकाने नेहमी वेगळे असावेत: परवान्याच्या क्रमांकासह आलेले गोल लाकूड, त्यातून निघालेले चिरान, आणि बिलाच्या क्रमांकासह गेलेला माल. प्रत्येक नोंदीपुढे माप कोणत्या रीतीचे, ते लिहावे. रोजची नोंद रोज करावी. शनिवारी आठवून लिहिलेली वही तपासणीत टिकत नाही.

आता कोणी म्हणेल, हा सगळा आपल्या कचेऱ्यांचा छळ आहे, बाहेर जगात धंदा मोकळा आहे. वस्तुस्थिती उलट आहे. अमेरिकेने २००८ साली आपल्या लेसी कायद्यात दुरुस्ती करून, दुसऱ्या देशात बेकायदा तोडलेले लाकूड आपल्याकडे आणणे हा गुन्हा ठरवला. युरोपीय संघाने २०१३ पासून लाकूड प्रथम बाजारात आणणाऱ्या आयातदारावर त्याच्या उगमाची चौकशी करण्याचे बंधन घातले. २०२३ च्या त्यांच्या नव्या नियमात तर लाकूड ज्या जमिनीवर वाढले तिचे भौगोलिक ठिकाणही द्यावे लागते. त्याची अंमलबजावणी मात्र पुढे पुढे ढकलली गेली आहे. ब्रह्मदेशच्या सागाबाबत स्वीडनमधल्या न्यायालयाने २०१६ मध्ये असे ठरवले की, व्यापारी महासंघाच्या शिक्क्याची एक चोपडी दाखवणे पुरेसे नाही. झाड कोठले आणि कोणी तोडले हे आयातदाराला सांगता आले पाहिजे. आपल्याकडेही शिसमाच्या वस्तू परदेशी धाडणाऱ्यांना २०१७ पासून आंतरराष्ट्रीय कराराचे कागद सांभाळावे लागतात, आणि हस्तकला निर्यात परिषदेने त्यांच्यासाठी ‘वृक्ष’ नावाचे प्रमाणपत्र काढले आहे. चंद्रपूरच्या सुताराने केलेली पेटी उद्या मुंबईच्या निर्यातदाराकडे गेली, तर तो पहिला प्रश्न हाच विचारणार की हे लाकूड कुठले. उत्तर सुताराच्या वहीत नसेल, तर पेटी कितीही सुबक असो, ती परत येईल.

मग करावयाचे काय? दंड वाढवा, नाके वाढवा, असे सांगणारे पुष्कळ आहेत. सिरोंच्याकडे प्राणहिता आणि गोदावरीच्या पात्रातून रात्री ओंडक्यांचे तराफे पलीकडे जात आले आहेत. तेथे पहारा हवाच. परंतु पाण्यात उतरून तराफा ढकलणारा गावातला पोरगा असतो आणि सौदा करणारा दूरच्या शहरात असतो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ होतो खरा, पण दांडा पकडून कुऱ्हाड चालवणारा हात सुटता कामा नये. शिवाय चोरीचे लाकूड स्वस्त पडते, आणि त्यामुळे लिलावात रोख पैसे भरून माल घेणारा सचोटीचा लहान गिरणीवाला बाजारात मागे पडतो. सरळ वाट सुकर करणे हाच त्याला आणि त्याच्या मजुरांना खरा आधार आहे.

माझ्या मते चार गोष्टी ताबडतोब व्हावयास पाहिजेत. पहिली, परवान्याची एक प्रत गाडी भरण्यापूर्वी हमालांच्या मुकादमाने पाहावी आणि नग मोजल्याखेरीज गाडी भरू नये. संघटनांनी ही शिस्त स्वतः लावावी. दुसरी, प्रत्येक आगारापाशी आणि तालुक्याच्या गावी अर्ज भरण्यास मदत करणारा माणूस असावा, आणि माहितीचे फलक मराठीबरोबर गोंडीत व सिरोंच्याकडे तेलुगूतही असावेत. तिसरी, मालकीच्या झाडांच्या अर्जांवर मुदतीत निर्णय व्हावा आणि नकार असेल तर कारणासह लेखी मिळावा. चौथी, गिरणीतल्या निदान दोन कामगारांना मोजमाप व वही शिकवावी. २९ डिसेंबर २०२३ पासून देशभरासाठी एकच वाहतूक परवाना प्रणाली सुरू झाली आहे. परवान्यावर चौकोनी ठिपक्यांचे चिन्ह असते. मोबाइलवर ते तपासता येते. ही चांगली सोय आहे. मात्र जेथे मोबाइलला रेंज नाही आणि अर्ज भरणाऱ्याला अक्षर नाही, तेथे यंत्राशेजारी माणूस लागतो, हे यंत्र बसवणाऱ्यांनी विसरू नये.

आणि पाचवी गोष्ट आपल्यासाठी, म्हणजे घर बांधणाऱ्यांसाठी. दार-खिडक्यांचे लाकूड घेताना बिल मागा, आणि बिलामागचा परवाना क्रमांक विचारा. ‘बिलाशिवाय घ्या, स्वस्त देतो’ असे कोणी म्हणाला, तर वाचलेले ते पैसे कोणाच्या खिशातून आले याचा क्षणभर विचार करा. ते सरकारच्या तिजोरीतून आले असतील, किंवा ज्याच्या बांधावर ते झाड उभे होते त्या आदिवासीच्या पदरातून, किंवा ज्याने रात्री अंधारात पाठीवर ओंडका वाहिला त्याच्या जिवावर बेतून.

जंगल वाढायला पिढ्या लागतात. सागाचे चांगले झाड तयार होईपर्यंत ते लावणारा बहुधा जगात नसतो. असा माल आपण वापरतो, तेव्हा त्याचा हिशेब स्वच्छ असावा ही मागणी मोठी नाही. तो हिशेब लिहिण्याची आणि वाचण्याची ताकद तोडणाऱ्याच्या, वाहणाऱ्याच्या आणि चिरणाऱ्याच्या हाती यावी, एवढेच सांगण्यासाठी मी येथे उभा राहिलो.